निरनिराळ्या विद्याशाखांमध्ये ‘संशोधन’ म्हणजे नेमके काय करतात?

नीरेकाठी

नमस्कार. माझ्या भाचीला या वर्षी संस्कृत विषयात पीएच. डी.साठी प्रवेश मिळाला. एका स्तोत्रग्रंथाच्या हस्तलिखित प्रती मिळवायच्या आणि त्यांतील पाठ, म्हणजे प्रत्येक प्रतीतील नेमके शब्द, एकमेकांशी ताडून पाहायचे, असे तिचे काम आहे. माझा मुलगा रसायनशास्त्रात संशोधन करतो. दिवाळीत सगळे जमलेले असताना घरातील एका वडीलधाऱ्यांनी तिला विचारले, “तू यातून नवीन काय शोधून काढणार?” मुलाला हा प्रश्न कोणीच विचारला नाही. प्रयोगशाळा म्हटल्यावर तिथे काहीतरी नवीन होतच असणार, असे सर्वांनी धरून चालले होते. भाची त्या वेळी गप्प राहिली आणि नंतर मला म्हणाली, “मामा, उत्तर आहे, पण ते एका वाक्यात बसत नाही.”

माझी सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे मलाही ते उत्तर देता आले नाही. येथे बऱ्याच विद्याशाखांतील मंडळी लिहितात, म्हणून विचारतो. आपल्या कामाचा साधा दिवस कसा असतो, आपल्याकडे ‘नवीन’ कशाला म्हणतात, आणि आपले म्हणणे बरोबर आहे हे आपल्याला कशावरून कळते?

भूर्जपत्र

आपल्या भाचीचे क्षेत्र तेच माझे क्षेत्र, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक प्रती ताडून जुन्यात जुना पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे, काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५पासून त्याचे प्रमुख संपादक होते. १९४३ साली त्यांचे निधन झाले आणि पुढे बेलवलकर व वैद्य यांनी ते काम तडीस नेले. एका माणसाच्या आयुष्यात न मावणारे हे संशोधन आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

यातील साधा दिवस असा असतो. एक श्लोक घ्यायचा. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (दक्षिणेत संस्कृतसाठी वापरली जाणारी लिपी), मल्याळम अशा लिप्यांतील प्रतींमध्ये तो कसा आहे, हे शब्दाशब्दाने तक्त्यात उतरवायचे. मग कोणता पाठ कोणत्या पाठातून निघाला असेल, याचा विचार करायचा. काश्मीरची शारदा प्रत आणि केरळातील मल्याळम प्रत यांचा एकमेकींशी संपर्क येण्याचा संभव फार कमी. त्या दोघी जिथे एकमुखाने बोलतात, तिथे तो पाठ जुना असण्याची शक्यता मोठी. त्याचप्रमाणे अवघड शब्द सोपा करण्याकडे लेखनिकाचा कल असतो, सोपा शब्द तो मुद्दाम अवघड करत नाही. म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठाला आम्ही अधिक मान देतो.

आता ‘नवीन काय’ याचे एक उदाहरण देतो. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. चिकित्सक आवृत्तीत ती मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे, कारण ती सर्व परंपरांच्या प्रतींमध्ये आढळत नाही. ती मागाहून आली, हे ज्ञान पूर्वी कोणापाशी पुराव्यानिशी नव्हते, आता आहे. मी त्याला नवीन म्हणतो.

काचनळी

मी सेंद्रिय रसायनशास्त्रात काम केले आहे. भूर्जपत्र यांच्याविषयी आदर बाळगूनही माझे मत वेगळे आहे. त्यांनी सांगितले ते उत्तम आणि कष्टाचे संपादन आहे. संशोधन आहे का, याविषयी मला शंका वाटते.

आमचा दिवस सकाळी रिअ‍ॅक्शन लावण्यापासून सुरू होतो. तासातासाने टीएलसीच्या (मिश्रणातील पदार्थ वेगवेगळे दाखवणाऱ्या) पट्टीवर ठिपका टाकून किती पदार्थ बदलला ते पाहायचे, रिअ‍ॅक्शन संपली की मिश्रण वेगळे करायचे, पदार्थ शुद्ध करण्यासाठी कॉलम लावायचा, नळ्यांमध्ये थोडे थोडे गोळा करायचे आणि शुद्ध पदार्थ हाती आला तर एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीला, द्यायचा. हाती येतोच असे नाही. माझ्या चौथ्या वर्षी एक टप्पा सलग अकरा महिने जमला नाही आणि शेवटी विद्रावकात उरलेला पाण्याचा अंश हे कारण निघाले. आमच्याकडे नवीन म्हणजे पूर्वी कोणी न बनवलेला रेणू, किंवा माहीत असलेल्या रेणूपर्यंत जाणारी नवी वाट. बरोबर असण्याची खूणही स्पष्ट आहे. मी लिहिलेली कृती वाचून दुसऱ्या देशातील अनोळखी माणसाने ती केली, तर त्याला तोच पदार्थ मिळाला पाहिजे. पाठ निवडण्यात ही कसोटी कुठे आहे? दोन विद्वान दोन पाठ निवडतील.

शब्दवेध

एक छोटी नोंद. ‘संशोधन’ या शब्दाच्या मुळाशी ‘शुध्’ धातू आहे. शुद्ध करणे, दोष काढून नीट करणे हा त्याचा मूळ अर्थ. हिंदीत तोच अर्थ अजून चालू आहे, म्हणून तिकडे ‘संविधान संशोधन’ म्हणतात आणि आपण ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो. मराठीने हा शब्द ज्ञानाच्या शोधासाठी वापरायला घेतला. काचनळी यांचा मुद्दा शब्दार्थाने सुटणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु पाठशुद्धीचे काम या शब्दाच्या बाहेरचे आहे, असे म्हणायला मात्र जागा नाही.

कोरडवाहू

मी कृषी विद्यापीठात ज्वारीच्या पैदाशीवर काम करत होतो. आमच्या कामात सर्वांत मोठा घटक वेळ हा आहे आणि त्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.

रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि ती फेब्रुवारीच्या सुमारास निघते. म्हणजे वर्षाला एकच संधी. दोन वाणांचा संकर करताना फुलोऱ्याच्या दिवसांत एकेका फुलातील पुंकेसर चिमट्याने काढायचे, कणसाला कागदी पिशवी घालायची, दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण आणून टाकायचे आणि पिशवीवर तारीख लिहायची. पुढे सहा-सात पिढ्या निवड करत जायचे. मग संशोधन केंद्रावर चाचणी, त्यानंतर निरनिराळ्या जिल्ह्यांत चाचण्या, नंतर शेतकऱ्यांच्या शेतावर. कोणते वाण कोणत्या वाफ्यात पेरायचे हे आम्ही मनाने ठरवत नाही, ते यादृच्छिक पद्धतीने ठरवतात, नाहीतर चांगली जमीन नकळत आपल्या लाडक्या वाणाला मिळते. शेजारी तुल्यवाण, म्हणजे तुलनेसाठी पेरलेला प्रचलित वाण, असतोच. मोहोळला निवडलेली मालदांडी ज्वारी इतकी वर्षे आमच्यापुढे तुल्यवाण म्हणून उभी आहे, आणि तिच्या भाकरीची चव व कडब्याची प्रत ओलांडणे किती कठीण आहे, हे ज्याने प्रयत्न केला त्यालाच कळते.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या आंब्यांकडे पाहावे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आला, पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून बारीक कोयीचा ‘सिंधू’ आला. हापूसमध्ये साका (गरातील पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) धरतो आणि तो एक वर्ष आड फळतो, या दोन तक्रारींवर उत्तर शोधण्याचे हे प्रयत्न होते. आंब्याच्या मोहोरावर हाताने केलेल्या संकरांपैकी फारच थोडी फळे शेवटपर्यंत टिकतात आणि रोपाला पहिले फळ यायला कित्येक वर्षे थांबावे लागते. तीन वर्षांत पीएच. डी. संपवायची असलेला विद्यार्थी यातील एखादाच तुकडा हाताळू शकतो. माझ्या विद्यार्थ्यांनी जे पेरले ते मी निवृत्तीनंतर शेतात उभे असलेले पाहिले.

काचनळी यांना एक विचारतो. माझी चाचणी तुम्ही पुन्हा करू शकणार नाही, कारण २०१८चा दुष्काळ पुन्हा तसाच पडणार नाही. मग माझे काम संशोधन ठरते की नाही?

दोनसमांतर

गणितातून लिहितो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ हा अंक पुष्कळांना माहीत असेल. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावायचे आणि मोठ्यातून लहान संख्या वजा करायची. ३५२४ घेतली तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४च येत राहते आणि तिथे पोहोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. या शोधाला वही आणि पेन्सिल पुरली.

पण मला सांगायचे आहे ते वेगळे. चार अंकी संख्या दहा हजारांहून कमी आहेत, म्हणून एकेक तपासून हे विधान सिद्ध करता येते. जिथे संख्यांना अंत नाही, तिथे तपासून काही सिद्ध होत नाही. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे अनुमान १७४२ सालचे. संगणकाने ते ४ वर १८ शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासले आहे आणि एकही अपवाद मिळालेला नाही. तरी आमच्या लेखी ते अजून सिद्ध नाही. इतका पुरावा रसायनशास्त्रज्ञाला किंवा इतिहासकाराला मिळाला तर ते पुढच्या कामाला लागतील, आणि त्यात त्यांची चूकही नसेल. बरोबर असण्याची अट प्रत्येक शाखेने आपल्या विषयाच्या स्वरूपावरून घातलेली आहे. म्हणून एकाची अट दुसऱ्यावर लादू नये, असे मला वाटते.

काचनळी

कोरडवाहू, आपला प्रश्न योग्य आहे आणि मी घाईने लिहिले हे मान्य करतो. आपण पाऊस पुन्हा आणू शकत नाही, पण वाफ्यांच्या पुनरावृत्ती, अनेक ठिकाणे आणि तुल्यवाण यांनी तीच उणीव भरून काढता, हे मला पटते. मग माझी शंका थोडी बदलून मांडतो. जिथे घटना एकदाच घडून गेली आणि मागे फक्त कागद उरले, तिथे पुनरावृत्तीची जागा कोण घेते?

मोडीवाचक

याचे उत्तर शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात आहे, म्हणून तोच दाखला देतो.

दीर्घकाळ बखरींच्या आधारे १६२७ हे वर्ष मानले जात होते. बखरी बहुतेक नंतरच्या काळातील, आणि एका बखरीतील मजकूर दुसरीत उतरलेला असतो. त्यामुळे पाच बखरी एकच तिथी देत असल्या, तरी साक्षीदार पाच आहेत असे म्हणता येत नाही. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेधे घराण्यात जपलेली ती कालक्रमाची नोंद होती आणि तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाच्या समकालीन संस्कृत काव्यात तीच तिथी मिळाली. राजस्थानात सापडलेल्या एका कुंडलीने तिला आणखी आधार दिला. मावळातील देशमुखांची नोंद, दरबारी कवीचे काव्य आणि दूर राजस्थानातील ज्योतिषाची कुंडली यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याचा संभव नाही. स्वतंत्र साधनांचा असा मेळ हीच आमची पुनरावृत्ती. भूर्जपत्र यांनी काश्मीर आणि केरळ यांविषयी जे लिहिले, ते तत्त्व हेच आहे. राज्य शासनाने ही तारीख २००१ साली स्वीकारली. म्हणजे नवे साधन पुढे आल्यापासून त्यावर खल होऊन निर्णय होण्यात ८५ वर्षे गेली.

दिवसाचे म्हणाल, तर माझा दिवस पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदपत्रे, सोडण्यात जातो. काही आठवडे हाती फक्त गवताच्या गंजीचा आणि बैलांच्या दाण्याचा हिशेब लागतो. तो टाकून देण्यासारखा नसतो, कारण फौज खरोखर किती मोठी होती हे पुढे त्यावरूनच कळते.

खोडदमार्गे

आमची अडचण मोडीवाचक यांच्यासारखीच आहे, फक्त आमचे कागद आकाशात आहेत. ताऱ्यावर प्रयोग करता येत नाही. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतील १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या तीन दिशांना पसरल्या आहेत, त्यामुळे सारी दुर्बीण २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखी काम करते. गोविंद स्वरूप यांनी या अँटेनांचा पृष्ठभाग भरीव न ठेवता ताणलेल्या तारांच्या जाळीचा केला. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच वाटते, वारा मात्र आरपार जातो आणि खर्चही कमी होतो. जगातून कोणीही निरीक्षणासाठी अर्ज करू शकतो आणि अर्जाच्या गुणवत्तेवर तास मिळतात. मला माझ्या प्रबंधासाठी मोजकेच तास मिळाले आणि त्यांतील नोंदी सोडवण्यात दोन वर्षे गेली.

संशोधन किती जणांचे असते, याविषयीही लिहायला हवे. गुरुत्वीय लहरी प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदल्या गेल्या. त्या शोधाच्या निबंधावर हजाराहून अधिक नावे आहेत आणि त्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मंडळीही आहेत. गोंगाटात बुडालेला असा संकेत कसा ओळखावा, याची पद्धत आयुकात संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ सालीच मांडून ठेवली होती. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशा लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. भूर्जपत्र यांच्याकडे प्रबंधावर एकच नाव आणि आमच्याकडे हजार. दोघांची बढती ठरवताना मात्र निबंध किती, हे एकाच रकान्यात मोजतात.

उसाच्याफडात

समाजशास्त्रातून थोडे. मी बीड जिल्ह्यातून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांबरोबर दोन हंगाम काढले. ७४ प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन गेले होते. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की ‘तुमचे मासिक उत्पन्न किती’ या प्रश्नाला तिथे अर्थच नाही. नवरा-बायकोची मिळून एक कोयता म्हणून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. मी ती प्रश्नावली बाजूला ठेवली आणि पहाटे त्यांच्याबरोबर फडात जाऊ लागले. मोळ्या बांधताना बायका जे बोलत, ते मुकादमाच्या समोर मिळालेल्या उत्तरांपेक्षा पूर्ण वेगळे होते.

काचनळी, आपला रेणू आपण काय लिहिता हे वाचत नाही. माझ्या प्रबंधातील माणसे वाचू शकतात आणि त्यांचा मुकादमही वाचू शकतो. त्यामुळे मला नावे बदलावी लागली, गावे बदलावी लागली, आणि सर्वांत बोलकी असलेली एक मुलाखत वगळावी लागली, कारण नाव बदलूनही ती बाई ओळखू आली असती. काय लिहायचे नाही, हे ठरवण्यात माझ्या संशोधनाचा मोठा भाग गेला. मौखिकीत ‘नमुना लहान आहे’ असा आक्षेप आला. किती जणांत काय आढळते, हे मोजायचे असते तर तो योग्य होता. मला उचल आणि हिशेब यांची व्यवस्था आतून कशी चालते ते समजून घ्यायचे होते, आणि त्याला अकरा कुटुंबे पुरली.

कलमवार

मी विधी शाखेत शिकवतो. खोडदमार्गे यांनी रकान्याचा विषय काढला, म्हणून लिहितो. वाङ्मयचौर्याविषयीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि कायद्यांचा मजकूर त्या मोजणीतून वगळावा, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. तरी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात कलमांच्या उताऱ्यांसह साम्य मोजून तो परत पाठवण्यात आला. कायद्याचे कलम स्वतःच्या शब्दांत लिहिले तर ते कलम राहत नाही, हे समजावण्यात चार महिने गेले. संस्कृतच्या प्रबंधात श्लोकांचे असेच होते, असे सहकारी सांगतात.

काही गोष्टी सुधारल्या आहेत. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती २०२२च्या नियमांत उरली नाही. २०२५ साली आयोगाने केअर ही मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादीही बंद केली. यादी गेली हे चांगले की वाईट, याबद्दल माझे मत अजून स्थिर नाही, कारण पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना यादीने थोडा आळा घातला होता. मात्र मराठीतून लिहिणाऱ्या अभ्यासकाचे चांगले नियतकालिक त्या यादीत नसले की त्याचे वर्षभराचे काम शून्य धरले जाई, हेही मी पाहिले आहे.

मोडीवाचक

चर्चा शाखाशाखांच्या भिंतींवर आली आहे, म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आठवण करून देतो. जन्म गोव्याचा, विषय गणित. हातोहात फिरताना नाणे झिजते, जितके अधिक फिरले तितके हलके होते आणि वजनांतील तफावतही वाढत जाते, या साध्या गोष्टीवरून त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या आहत (ठसे उमटवलेल्या प्राचीन) नाण्यांची वजने घेऊन, संख्याशास्त्राने त्यांचा काळानुक्रम लावण्याचा प्रयत्न केला. त्याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखिते ताडून चिकित्सक आवृत्ती केली.

कोरडवाहू

मोडीवाचक, हे वाचून मी थबकलो. आमच्याकडे गुणसूत्रावर दोन जनुकांमधील अंतर काढताना ‘कोसंबी फंक्शन’ वापरतात. १९४४ सालचे ते सूत्र आजही नकाशा काढण्याच्या संगणकप्रणालीत निवडायला असते. मी स्वतः ते वर्षानुवर्षे निवडले आणि विद्यार्थ्यांना शिकवले. ते कोसंबी आणि नाणी तोलणारे कोसंबी एकच, हे मला आज कळते आहे. इतकी वर्षे आमच्या विभागात हे कोणी बोलले नाही, याचे वाईट वाटते.

काचनळी

भूर्जपत्र, पहिल्या प्रतिसादातील ‘संपादन’ हा शब्द मी मागे घेतो. पाठ कोणता निवडला, हे कारणांसह आणि सर्व पाठभेद तळटीपेत देऊन मांडले जात असेल, तर तुमची कृती दुसऱ्याला पहिल्यापासून तपासता येते. आम्ही प्रयोगवहीत तेच करतो.

नीरेकाठी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. रविवारी भाची आली होती, तिला सारे प्रतिसाद वाचून दाखवले. गणपतीच्या कथेचा दाखला तिने लगेच त्या वडीलधाऱ्यांना दूरध्वनीवरून सांगितला आणि ते अर्धा तास तिला प्रश्न विचारत होते.

तिने भूर्जपत्र यांना एक शंका विचारायला सांगितली आहे. तिच्या सात प्रतींपैकी तीन प्रतींत एका श्लोकाचा तिसरा चरण गळलेला आहे. मोडीवाचक यांचे बखरींविषयीचे म्हणणे वाचल्यापासून ती विचारात पडली आहे. या तीन साक्षी धरायच्या की एकच?

भूर्जपत्र

प्रश्न अचूक आहे. तीन प्रतींत एकाच जागी तोच चरण गळला असेल, तर त्या बहुधा एकाच आधीच्या प्रतीवरून उतरल्या, आणि मग त्यांची साक्ष एकच धरायची. पण आधी दुसरा आणि तिसरा चरण एकाच अक्षराने संपतात का, ते पाहायला सांगा. तसे असेल तर नक्कल करणाऱ्याची नजर एका शेवटावरून दुसऱ्यावर घसरते, आणि ही चूक दोन माणसांच्या हातून स्वतंत्रपणेही होऊ शकते. त्या तीन प्रती कोणत्या लिपीत आहेत?

नीरेकाठी

दोन देवनागरी आणि एक शारदा, असे ती म्हणते. दोन्ही चरणांचा शेवट ‘ते’ या अक्षराने होतो.

भूर्जपत्र

मग एवढ्यावरून निर्णय करू नये. या तीनच प्रतींत समान असलेली आणि नजरेच्या घसरणीने न होणारी दुसरी एखादी चूक तिने शोधावी. अशा दोन-तीन मिळाल्या तर शारदा प्रतही त्याच घराण्यातील ठरेल. तिला मला निरोप धाडायला सांगा, तक्ता पाहून पुढे बोलता येईल.